'द हंगर गेम्स' मालिका प्रथमच वाचणाऱ्यांसाठी : क्रम, वाचन आणि स्वतःचे मत

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या डिस्टोपियन कादंबऱ्या, म्हणजे भविष्यातल्या एखाद्या दडपशाहीच्या राज्यात वाढणाऱ्या मुलामुलींच्या कथा, नाशिकमध्येही आता अनेक घरांत पोहोचल्या आहेत. बहुतेक घरांत आधी चित्रपट येतो, मग मुले पुस्तक मागतात, आणि ज्या कथेत मुलेच मुलांना मारतात ती आपल्या मुलाने वाचावी का, असा प्रश्न आईवडिलांना पडतो. दुसरीकडे, मराठी माध्यमातून शिकलेले काही तरुण इंग्रजी वाचनाची सवय लागावी म्हणून अशी मालिका हाती घेतात आणि दुसऱ्या भागाच्या मध्यावर थांबतात. हा लेख या दोघांसाठी आहे. सुझान कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' ही मालिका मी येथे आधाराला घेतली आहे, कारण या प्रकारात तिच्याइतकी काळजीपूर्वक बांधलेली दुसरी मालिका माझ्या वाचनात नाही. तिचा तिसरा भाग अनेक वाचकांना आवडत नाही. माझ्या मते मात्र तोच तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि तिथपर्यंत पोहोचल्याशिवाय मालिकेविषयी मत देऊ नये.

क्रम आधी ठरवावा

मूळ मालिका तीन भागांची आहे : 'द हंगर गेम्स' (2008), 'कॅचिंग फायर' (2009) आणि 'मॉकिंगजे' (2010). त्यानंतर कॉलिन्स यांनी पूर्वकथा सांगणाऱ्या दोन कादंबऱ्या लिहिल्या, 2020 मध्ये 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' आणि 2025 मध्ये 'सनराइज ऑन द रीपिंग'. या कथेत राज्यसत्ता दरवर्षी मुलांचा एक जीवघेणा खेळ घेते. त्या खेळांच्या क्रमाने कथेतील काळ पाहिला तर 2020 ची कादंबरी दहाव्या खेळाची, 2025 ची पन्नासाव्या खेळाची आणि मूळ मालिकेची सुरुवात चौऱ्याहत्तराव्या खेळाची आहे. त्यामुळे कालक्रमाने वाचावे असे कोणालाही वाटेल, पण नवख्या वाचकाने तसे करू नये. पुस्तके ज्या क्रमाने प्रसिद्ध झाली त्याच क्रमाने वाचावीत.

याचे कारण मालिकेच्या रचनेतच आहे. दुसऱ्या भागात नायिका कॅटनिस आणि तिच्याबरोबर खेळात पाठवला गेलेला पीटा पन्नासाव्या खेळाची जुनी चित्रफीत पाहतात आणि आपला मार्गदर्शक हेमिच तेव्हा कसा जिंकला हे त्यांना समजते. ती चित्रफीत सत्ताधाऱ्यांनी कशी कापून-जोडून तयार केली होती, हे आपल्याला 2025 च्या कादंबरीत कळते. आधी चित्रफितीवर विश्वास बसलेला असेल तरच नंतरचा धक्का बसतो. क्रम उलटा केला तर वाचक पहिल्यापासूनच सावध राहतो आणि लेखिकेने जे त्याच्याच बाबतीत घडवून आणायचे ठरवले आहे ते घडत नाही.

पुस्तके मिळवताना मूळ तिन्ही भाग एकदम हाताशी राहतील अशी व्यवस्था करावी. दुसरा भाग ऐन घडामोडीत संपतो, आणि तिसऱ्यासाठी महिनाभर थांबावे लागले तर पात्रांची व डिस्ट्रिक्टांची, म्हणजे कथेतील राष्ट्राच्या विभागांची, जुळवाजुळव पुन्हा करावी लागते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 पासून चालू आहे, आणि ज्यांच्या घरी त्याचे सभासदत्व आहे त्यांनी प्रथम तेथील इंग्रजी विभागात चौकशी करावी; नाही तर कॉलेज रोड किंवा महात्मा गांधी रोडच्या परिसरातील पुस्तकांच्या दुकानांत मागणी नोंदवावी.

भाषेची भीती बाळगू नये

संपूर्ण मूळ मालिका कॅटनिस ही मुलगी प्रथमपुरुषी निवेदनात, वर्तमानकाळात सांगते. वाक्ये आखूड आहेत आणि वर्णने थोडकी आहेत. दहावीचे इंग्रजी नीट झालेल्या वाचकाला ती झेपतात. प्रत्येक अडलेल्या शब्दासाठी शब्दकोश उघडू नये, कारण अडणाऱ्या शब्दांपैकी काही लेखिकेनेच घडवलेले किंवा वेगळ्या अर्थाने वापरलेले आहेत आणि तो अर्थ तिथे सापडणारही नाही. 'ट्रिब्यूट' म्हणजे खेळात पाठवला जाणारा मुलगा किंवा मुलगी, 'रीपिंग' म्हणजे चिठ्ठ्या काढून नावे जाहीर करण्याचा दिवस, 'टेसेरा' म्हणजे जादा चिठ्ठीच्या बदल्यात मिळणारा शिधा, 'ॲव्हॉक्स' म्हणजे जीभ कापून गुलाम केलेला अपराधी. एवढे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले की सुरुवातीचा अडथळा दूर होतो.

तिन्ही पुस्तकांत प्रत्येकी सत्तावीस प्रकरणे आहेत आणि ती नऊ-नऊच्या तीन खंडांत विभागलेली आहेत. जवळजवळ प्रत्येक प्रकरण अशा जागी तुटते की पुढचे पान उलटल्यावाचून राहवत नाही. या ओढीला बळी पडून रात्रभर जागून पुस्तक संपवणारा वाचक कथानक तेवढे लक्षात ठेवतो. म्हणून प्रत्येक नवव्या प्रकरणानंतर एक दिवस थांबावे आणि तोवर काय बदलले ते दोन-तीन वाक्यांत लिहून काढावे.

पहिला भाग : चिठ्ठ्यांचा हिशेब

उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर उभे राहिलेले पॅनेम नावाचे राष्ट्र, मध्यभागी कॅपिटॉल ही श्रीमंत राजधानी आणि तिच्यासाठी राबणारे बारा डिस्ट्रिक्ट, अशी या कथेची मांडणी आहे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा व एक मुलगी निवडली जाते. या चोवीस जणांना एका बंदिस्त मैदानात सोडले जाते आणि एकच उरेपर्यंत ते एकमेकांना मारतात. हे सर्व दूरचित्रवाणीवर दाखवले जाते आणि पाहणे सक्तीचे असते.

मैदानावरील झुंज सुरू होण्याआधी दहा प्रकरणे जातात. अनेक नवे वाचक ही प्रकरणे घाईने संपवतात; मी उलट सांगेन की हीच सर्वांत सावकाश वाचावीत, आणि त्यातही पहिले प्रकरण कागद-पेन्सिल घेऊन. बाराव्या वर्षी प्रत्येक मुलाची एक चिठ्ठी भांड्यात पडते, पुढे दरवर्षी एक वाढत जाते, आणि जुन्या चिठ्ठ्या काढल्या जात नाहीत. घरात अन्न नसेल तर माणशी एक जादा चिठ्ठी टाकून वर्षभराचे थोडेसे धान्य व तेल घेता येते, आणि तीही चिठ्ठी कायमची राहते. कॅटनिस सोळा वर्षांची आहे आणि घरात आई, धाकटी बहीण व ती स्वतः अशी तीन माणसे आहेत. म्हणजे दरवर्षी एक सक्तीची आणि तीन शिध्याच्या अशा चार चिठ्ठ्या, आणि पाच वर्षांच्या मिळून वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा आहे; त्याच्या घरात पाच माणसे, वर्षाला सहा चिठ्ठ्या, सात वर्षे, म्हणून बेचाळीस. पुस्तकात हे आकडे असेच दिलेले आहेत आणि हिशेब तंतोतंत जुळतो.

हा हिशेब स्वतः करून पाहिला की नशिबाचा खेळ म्हणून जाहीर केलेली ही पद्धत गरिबांकडे कशी झुकवलेली आहे हे समजते. त्यातूनच पुढची गोष्टही लक्षात येते : ज्यांना शिधा घ्यावा लागतो आणि ज्यांना लागत नाही, अशा एकाच गावातल्या मुलांमध्ये या पद्धतीने वैर पेरून ठेवले आहे. गेल हे रागाने बोलून दाखवतो. आणि मग नाव निघते ते कॅटनिसच्या बारा वर्षांच्या बहिणीचे, प्रिमचे, जिची भांड्यात एकच चिठ्ठी असते, कारण मोठ्या बहिणीने तिला शिध्यासाठी नाव टाकू दिलेले नसते.

नवख्या वाचकाने पहिल्या भागात आणखी एका गोष्टीचा पाठपुरावा करावा, ती म्हणजे खाणे. कोण काय खातो, ते कोणी दिले आणि कशाच्या बदल्यात दिले, हे समासात नोंदवत जावे. आमच्या वाचनगटात निफाडकडून शिकायला आलेली एक मुलगी होती. अकराव्या डिस्ट्रिक्टमधली रू आणि कॅटनिस मैदानात बोलत बसतात, तो संवाद मोठ्याने वाचताना ती थांबली. तुम्हीच धान्य पिकवता तर तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त खायला मिळत असेल, असे कॅटनिस म्हणते, आणि रू डोळे विस्फारून सांगते की पिकाला हात लावायची परवानगीच नाही; कोणी खाल्ले तर सर्वांसमोर चाबकाने फोडतात. त्या मुलीने पुस्तक मिटून आम्हाला आपल्या घरच्या द्राक्षबागेविषयी सांगितले. एकसारखे, डाग नसलेले घड निर्यातीच्या पेटीत जातात आणि घरात येतात ते सुटे, गळालेले मणी. तिच्या घरी कोणी कोणाला मारत नाही, हा फरकही तिनेच बोलून दाखवला. पण चांगला माल पिकवणाऱ्याच्या ताटात येत नाही ही गोष्ट तिला समजावून सांगावी लागली नाही, आणि त्या दिवसाची चर्चा त्या एका पानावरच झाली. कादंबरी दूर अमेरिकेतली आहे म्हणून ती आपल्याला परकी वाटेल, असे मला तेव्हापासून वाटत नाही.

राहिला प्रेमाचा प्रश्न. या मालिकेचा उल्लेख होताच पीटा की गेल, असा वाद सुरू होतो. वाचकाने त्यात जरूर भाग घ्यावा, पण हे प्रेम पहिल्या भागात कोणासमोर चालले आहे ते विसरू नये. मैदानातील मुलांना श्रीमंत पुरस्कर्ते छोट्या रुपेरी पॅराशूटने औषध आणि अन्न पाठवू शकतात, आणि प्रेक्षकांना प्रेमकथा आवडते. कॅटनिस जखमी पीटाचे चुंबन घेते आणि गरम सूपचे भांडे खाली उतरते. एका चुंबनाला एक भांडे, हा हेमिचने ठरवलेला दर तिला लगेच कळतो. यापुढे तिची कोणती भावना खरी आणि कोणती कॅमेऱ्यासाठी, हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही. मला या कादंबरीतील ही सर्वांत निर्दय गोष्ट वाटते. आपण वाचकही त्या जोडीची जुळणी पाहायला उत्सुक असतो, आणि कॅपिटॉलच्या प्रेक्षकांनाही नेमके तेच हवे असते.

दुसरा भाग

यावर फार थांबण्याचे कारण नाही. पहिला अर्धा भाग उत्तम आहे : विजयी मुलांना डिस्ट्रिक्टोडिस्ट्रिक्टी फिरवले जाते आणि मेलेल्या मुलांच्या घरच्यांसमोर उभे राहून त्यांना छापील भाषण वाचावे लागते. अकराव्या डिस्ट्रिक्टमधील प्रसंग दोनदा वाचावा. तीन बोटे ओठांना लावून उंचावण्याची जी खूण तेथे दिसते, ती 2014 च्या लष्करी उठावानंतर थायलंडमधील निदर्शकांनी प्रत्यक्षात वापरली, आणि 2021 नंतर म्यानमारमध्येही ती दिसली. उत्तरार्धात मात्र पुन्हा मैदान येते आणि नवीन सापळे असूनही पुनरावृत्ती जाणवते. येथे कंटाळा आला तर वाचन सोडू नये. शेवटच्या प्रकरणात या पुनरावृत्तीचे कारण बऱ्याच अंशी उलगडते.

तिसरा भाग : ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडून 'चित्रपट आणि वय' या मथळ्याकडे जावे

'मॉकिंगजे'वरचे आक्षेप सारखेच असतात. त्यात खेळ नाही. कॅटनिस हताश आहे, सतत दवाखान्यात आहे, युद्धातले निर्णायक क्षण तिच्या बेशुद्धीत घडून जातात, आणि विजय मिळूनही आनंद होत नाही. या प्रत्येक आक्षेपात तथ्य आहे. तरीही मला हा भाग मोठा वाटतो, कारण पहिल्या दोन भागांत प्रेक्षक होऊन बसलेल्या वाचकाला लेखिका येथे सुखाने बसू देत नाही. तेराव्या डिस्ट्रिक्टमधील बंडखोरांकडेही कॅमेरे आहेत, वेशभूषाकार आहेत, प्रचारपट आहेत. कॅटनिसला आता त्यांच्यासाठी उभे राहायचे आहे. बाजू बदलली, पण तिच्या चेहऱ्याचा वापर थांबलेला नाही.

वर सांगितलेली रुपेरी पॅराशूट आठवावीत. पहिल्या भागात त्यांतून मलम येते, सूप येते, आणि रूच्या मृत्यूनंतर तिच्या डिस्ट्रिक्टने पाठवलेला पाव येतो. आकाशातून पॅराशूट उतरले की मदत आली, हे मुलांना आणि आपल्यालाही शिकवले गेलेले असते. तिसऱ्या भागाच्या शेवटी तीच पॅराशूट अध्यक्षांच्या वाड्यासमोर जमवलेल्या मुलांवर उतरतात, मुले हात पुढे करतात, आणि त्यांतील काही फुटतात. जखमींना उचलायला वैद्यकीय पथक धावते तेव्हा उरलेली फुटतात. त्या पथकात प्रिम असते. दुसऱ्या स्फोटाची ही युक्ती गेलने आखलेल्या सापळ्यांसारखी आहे आणि तो हुकूम बंडखोरांच्या बाजूने आला असावा, याकडे सर्व खुणा बोट दाखवतात. ज्या बहिणीला वाचवण्यासाठी सारे सुरू झाले तीच मिळवलेल्या विजयात मरते, आणि ज्या वस्तूवर वाचकाचा विश्वास बसवला त्याच वस्तूने मरते. पुढे काय लिहायचे आहे हे ठाऊक असलेल्या लेखिकेचे हे काम आहे, लांबवलेल्या मालिकेचे नव्हे. कॉलिन्स यांचे वडील अमेरिकी हवाई दलात होते आणि त्या लहान असताना व्हिएतनाम युद्धावर गेले होते. मनोरंजनाचे कार्यक्रम आणि इराक युद्धाची दृश्ये एकापाठोपाठ वाहिन्यांवर पाहताना ही कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. तिसरा भाग वाचताना ही दोन्ही मुळे दिसतात.

गटात वाद घालण्यासारखी सर्वांत चांगली जागा येथेच आहे. नवी अध्यक्ष कॉइन, कॅपिटॉलच्या मुलांना घेऊन एक शेवटचा खेळ घ्यावा का, यावर उरलेल्या विजेत्यांचे मत घेते, आणि कॅटनिस 'प्रिमसाठी' म्हणत होकार देते. तो होकार मनापासूनचा होता की कॉइनला बेसावध ठेवण्यासाठी, हे पुस्तक स्पष्ट सांगत नाही. मी दुसऱ्या पक्षाचा आहे, कारण त्यानंतर कॅपिटॉलचा पराभूत अध्यक्ष स्नो याच्यावर रोखलेला तिचा बाण वर वळतो आणि कॉइनला लागतो. पण संतापाच्या भरात ती खरोखरच हो म्हणाली आणि नंतर भानावर आली, असे मानणाऱ्यांचेही म्हणणे मजकुराला धरून आहे.

खरा दोष मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. शेवटची काही पाने फार घाईची आहेत. दोन पुस्तके ज्याच्याभोवती अर्धी कथा फिरली तो गेल दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये नोकरीला लागल्याचे ओझरते सांगून बाजूला केला जातो. कॅटनिस आणि त्याच्यात जे तुटले त्याला यापेक्षा जास्त जागा मिळायला हवी होती. शिवाय एका डिस्ट्रिक्टने फक्त कोळसा काढावा आणि दुसऱ्याने फक्त मासे धरावेत, ही अर्थव्यवस्था सुरुवातीपासूनच विरळ आहे; तिच्यावर फार भार टाकला तर ती टिकत नाही.

चित्रपट आणि वय

चित्रपट पुस्तकानंतर पाहावेत. पहिला 2012 चा आहे आणि तिसऱ्या पुस्तकाचे 2014 व 2015 मध्ये दोन चित्रपट केले गेले. पुस्तकात सर्व काही कॅटनिसच्या मनातून दिसते. चित्रपटाला ते मन दाखवता येत नाही, म्हणून तो खेळ चालवणाऱ्यांची नियंत्रण-खोली दाखवतो. ही भर चांगली आहे. मात्र प्रेम खरे की दिखाऊ, हा संशय पडद्यावर बराच पुसट होतो.

आईवडिलांना मी असे सुचवेन की पहिला भाग बाराव्या-तेराव्या वर्षी चालेल, पण तो त्यांनीही त्याच आठवड्यात वाचावा. हिंसा आहे, मात्र लेखिका रक्ताच्या वर्णनात रमत नाही आणि प्रत्येक मृत्यूचे ओझे कथेत पुढे वाहिले जाते. तिसरा भाग पंधराव्या वर्षापर्यंत थांबवला तरी बिघडत नाही. त्यातले छळाचे आणि मानसिक आघाताचे चित्रण लहान मुलांसाठी जड आहे.

मत लिहिताना

मत मराठीत लिहावे. इंग्रजी पुस्तकावर इंग्रजीतच लिहायला बसले की तयार विशेषणे आपोआप उतरतात आणि स्वतःचे म्हणणे मागे राहते. सुरुवातीला कथानक सांगण्यात पान घालवू नये. जी जागा सर्वांत खटकली किंवा सर्वांत आवडली तिथूनच सुरुवात करावी आणि प्रकरणाचा क्रमांक द्यावा, म्हणजे न पटणाऱ्याला ती जागा उघडून पाहता येते. या जगाचे नियम कोणते, त्यांचा फायदा कोणाला, आणि लेखिकेने स्वतःच घातलेला नियम कुठे मोडला, हे तीन प्रश्न हाताशी असले की लिहायला विषय कमी पडत नाही. नाशिकमध्ये 2021 साली झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते, तेव्हा विज्ञानकथा आपल्या वाचकाला नवी नाही. पण या मालिकेत विज्ञान अगदी थोडे आहे, आणि यंत्रे शास्त्रीय दृष्ट्या शक्य आहेत का या चर्चेत वेळ घालवू नये.

यानंतर काय वाचावे

मूळ तीन भाग झाल्यावर आधी 2020 ची कादंबरी घ्यावी. ती तृतीयपुरुषी आहे, सावकाश आहे, आणि पुढे पॅनेमचा अध्यक्ष होणारा स्नो अठराव्या वर्षी स्वतःला प्रत्येक पायरीवर कसा पटवत जातो ते दाखवते. 2025 ची कादंबरी हेमिचच्या तोंडून आहे आणि तिच्यात नेहमीच्या दुप्पट, म्हणजे अठ्ठेचाळीस मुले मैदानात उतरतात.

इतर मालिकांपैकी व्हेरोनिका रॉथ यांची 'डायव्हर्जंट' (2011 ते 2013) वेगवान आहे, पण स्वभावानुसार पाच गटांत वाटलेले शहर का निर्माण झाले याचे तिसऱ्या भागात मिळणारे उत्तर मला पटले नाही. जेम्स डॅशनर यांची 'द मेझ रनर' (2009) रहस्यासाठी वाचावी. लहान वाचकाला किंवा ज्याला मोठी मालिका नको आहे त्याला मी लोइस लाउरी यांची 'द गिव्हर' देईन. ती 1993 ची आहे, तिला 1994 मध्ये न्यूबेरी पदक मिळाले, आणि ती दोन दिवसांत वाचून होते. तिचा शेवट दोन तऱ्हांनी वाचता येतो. त्याच मालिकेतील 'मेसेंजर' (2004) आणि 'सन' (2012) हे पुढचे भाग त्यावर उत्तर देतात, म्हणून ते उघडण्याआधी 'द गिव्हर'चा नायक जोनस याचे काय झाले असावे याचे आपले उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवावे.